वजनकाट्यापर्यंत आई

बातेय पालो सेको, ऊसमजुरांची वस्ती, २ मार्च

सोलांजीताई,

तुम्ही फोनचा नंबर बदललात, म्हणून हे कागदावर लिहिते आहे. पत्र बसवाल्या चेपेच्या हाती देते. तुमच्या कपड्यांच्या कारखान्याच्या फाटकावरूनच त्याची बस सान्तियागोत शिरते. फाडायचं असेल तर वाचून फाडा, एवढीच विनंती.

पोरगी बरी नाही. गेल्या महिन्यात पाण्याच्या रांगेत उभी होती, ती खाली बसली आणि उठेचना. ओठ जांभळे, नखं जांभळी. तसं आधीही व्हायचं, पण मी म्हणायचे उन्हाने होतंय. वस्तीच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण आली आहे. तिने पोरीच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग माझ्याकडे न बघता चिठ्ठी लिहिली आणि आम्हाला राजधानीत मुलांच्या इस्पितळात धाडलं. तिथे कळलं की काळजाला जन्मापासून भोक आहे आणि पोर वाढते तसं तेही वाढतं आहे.

१९ मेपासून दहा दिवस परदेशातून काळजाचे डॉक्टर येणार आहेत. वर्षातून एकदाच येतात. बावीस मुलांची यादी आहे, त्यात तिचं नाव सतरावं. पण १६ मेच्या आत आईने स्वतः येऊन, ओळखपत्र दाखवून सही करायला हवी. नाही केली तर नाव काढून दुसऱ्या मुलाचं घालतात. आई म्हणजे कागदावरची आई. म्हणजे तुम्ही.

एका तासाचं काम आहे. सही करा आणि आल्या पावली परत जा. माझं तोंडही बघू नका हवं तर.

तुमचा भाऊ विल्नेर गेला, त्याच्या नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला आपण दोघीही बरंच काही बोललो. माणूस गेलेल्या घरात तोंडं सैल सुटतात. त्याला दोन वर्षं होऊन गेली. ते सोडून द्या.

हे 'तुम्ही-तुम्ही' आता माझ्याच्याने पुढे रेटवत नाही. तुला मी 'अगं सोलां' सोडून दुसरी हाक कधी मारली होती? तू ये.

तुझ्या भावाची बायको,
मिर्लांद

बातेय पालो सेको, २३ मार्च

सोलां,

चेपेला विचारून विचारून मी भंडावून सोडलं. तो म्हणतो, "घेतलं पत्र. एप्रनच्या खिशात घातलं. म्हणाली, तुझी बस चुकेल, नीघ आता. अहो, तुमची नणंद म्हणजे फणस आहे मिर्लांद, काटे मोजून दमलो, गऱ्याचा पत्ता नाही." मी म्हटलं, गरा असतो, सोलायला हाताला तेल लावावं लागतं. म्हणून हे दुसरं पत्र. तेल लावते आहे असं समज.

तुला आठवतं का, तिच्या जन्माच्या दिवशी आपण किती हसलो होतो? मला कळा येत होत्या आणि तू तुझं ओळखपत्र माझ्या ब्लाउजमध्ये कोंबत होतीस. म्हणालीस, "आजपासून तू सोलांजी. जन्मतारीख पाठ कर, नाहीतर कळ आली म्हणून ओरड." तू जिच्या घरी कामाला होतीस त्या मालकिणीने धडपड करून तुला ते ओळखपत्र मिळवून दिलं होतं. तुझ्या भावाला, त्याच वस्तीत त्याच आईच्या पोटी जन्मून, कधी मिळालं नाही. मी तर नदीपलीकडच्या देशातून आलेली. माझ्या नावाने बाळ झालं असतं तर परदेशिणीच्या बाळाचा गुलाबी कागद मिळाला असता. गुलाबी कागदावर पोराला ना शाळा धड, ना इस्पितळ. तुझ्या नावाने पांढरा मिळाला. वस्तीतल्या किती बायकांनी हेच केलं आहे, त्यात काही नवं नव्हतं.

मला भीती होती फोटोची. तुझं नाक कुठे, माझं कुठे! इस्पितळातल्या कारकून बाईने ओळखपत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "त्यांना आपण सगळ्या सारख्याच दिसतो, देवाची केवढी कृपा!" टाक्यांची पर्वा न करता मी हसले होते.

कागदावर तू नाव घातलंस दारियाना. घरी मी नाइका म्हणते. आणि तिला बोलायला यायच्या आधीपासून नियम शिकवला. उसाच्या गाड्या जिथे तोलतात त्या वजनकाट्यापर्यंत मी आई, काट्याच्या पुढे मी मावशी. शाळेत मावशी, बसमध्ये मावशी, दवाखान्यात मावशी. आई कुठे असते? सान्तियागोला, कारखान्यात. आईचं नाव? सोलांजी. वस्तीतली पोरं हे असं पाढ्यासारखं म्हणतात. आमची तर काटा ओलांडताना एक पाय अलीकडे, एक पलीकडे ठेवते आणि विचारते, "आता तू कोण गं?"

ती तीन वर्षं तुझ्याजवळ झोपली, ते मी विसरलेले नाही. मी पहाटेपासून उसात खुरपायला आणि तू तिला मक्याची पेज भरवायला. तेव्हा मला ते बरं वाटायचं. पुढे वाटेनासं झालं.

गेल्या वर्षी तू तिच्यासाठी लाल बूट पाठवलेस, ते चेपेने परत आणून दिले ना? तो म्हणाला असेल, लहान झाले. लहान नव्हते झाले. नीट बसत होते.

उत्तर लिही. नुसतं 'नाही' लिहिलंस तरी चालेल, म्हणजे मी दुसरं काही तरी बघेन. दुसरं काही नाही, हे तुलाही माहीत आहे.

मिर्लांद

बातेय पालो सेको, १९ एप्रिल, पवित्र शनिवार

सोलां,

आज सणाची गोड घेवड्याची खीर केली. नारळाचं दूध कमी पडलं आणि रताळी विरघळून गेली. तुझ्या हातची पातेल्याला चिकटायची ती खरवड खायला अख्खी वस्ती टपलेली असायची. क्लेर्मीना शेजारीण चव घेऊन म्हणाली, "छान झालीय. रडू नकोस, पण सोलांची नाही ही." जळलं मेलं तिचं तोंड. खरं बोलते म्हणून जास्तच जळलं.

ढोल आणि बांबूचे पोंगे घेऊन मिरवणूक निघाली. नाइकाला मागून पळायचं होतं. मी खांद्यावर घेतलं. सात वर्षांची पोर, आणि मला ओझंच वाटेना. दुसऱ्या गल्लीपर्यंत तिचे ओठ जांभळे झाले. म्हणाली, "परत फिरू या. ढोल माझ्या आत शिरतोय."

आता तुला एक सांगते. मी तुझ्या वाटेला न जाता काम उरकायला बघितलं. मागल्या मंगळवारी पोरीला आणि क्लेर्मीनाला घेऊन राजधानीला गेले. तिथे कागदांचं बघणारी दोन्या इवेलिस म्हणून बाई आहे. मन वाईट नाही तिचं, पण कामाला पक्की. तिच्यासमोर उभी राहून मी म्हणाले, मीच सोलांजी. जन्मतारीख खडाखड म्हटली. ओळखपत्र? म्हटलं हरवलं. ती म्हणाली, "काही हरकत नाही, इथे बोट ठेवा." टेबलावर एक यंत्र होतं. कारकून बाईला आपण सारख्या दिसलो, ताई. यंत्राला दिसत नाही. मी म्हटलं पोटात कळ आली, आणि बाहेर पडले ती थेट बस थांब्यापर्यंत पळत सुटले. पोरीला मागे क्लेर्मीनाने आणलं. वाटेत पोरीने तिला विचारलं, "मावशी का पळाली?"

म्हणजे आता तुझंच बोट लागणार.

म्हणून जे सोडून दे म्हटलं होतं ते सोडत नाही. नवव्या दिवशी आपण दोघी बोललो नव्हतो. तू एक अक्षर बोलली नव्हतीस. पोरीला ताप होता. एवढ्या माणसांत ती माझ्यावरून पुढे गेली, तुझ्या मांडीवर चढली आणि तुला आई म्हणाली. काट्याच्या अलीकडे, माझ्या घरात, माझा नवरा जाऊन नऊ दिवस झालेले असताना. मी तिला थोबाडीत मारली. आणि तुला म्हटलं, "वांझोटे, स्वतःला होत नाही म्हणून कागद देऊन माझं पोर विकत घेतलंस." पाद्री उभा होता, तुझ्या भावाची मेणबत्ती पेटलेली होती. उचलली जीभ लावली टाळ्याला. तू कॉफीचे कप धुऊन पालथे घातलेस, पिशवी घेतलीस आणि गेलीस. ते कप मी तीन दिवस सुलटे केले नव्हते.

माफी माग म्हणशील तर मागते. गुडघ्यावर ये म्हणशील तर येते. पण मे लांब नाही.

मिर्लांद

राजधानी, ११ मे, इस्पितळातून

सोलांताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. चार ओळींची, पण चेपेने ती पायमोज्यात घालून आणली, पासपोर्ट असल्यासारखी. "१५ तारखेला येते. गुरुवार आहे, रजा टाकली. पण एक सांग, दोन वर्षं तिने मला पाहिलं नाही. त्या बाईसमोर ती मला काय म्हणणार?"

तुला आई म्हणणार. तू काळजी करू नकोस, मी शिकवते आहे.

परवा तिला इथे भरती केलं. खाट क्रमांक नऊ, खिडकीजवळ. तुझा फोटो तिच्या उशीखाली ठेवलाय. तो, समुद्रावरचा, ज्यात तू टोपी धरून हसते आहेस. दुपारी बाकीच्या आया झोपल्या की आम्ही धडा घेतो.

"ही कोण?"

"आत्या."

"आत्या नाही. ही आई. गुरुवारी येईल तेव्हा काय म्हणशील?"

"आई, तू आलीस?"

"आणि मी कोण?"

"मावशी. काट्याच्या पुढे मावशी."

"आता काट्याच्या अलीकडेही मावशी."

तिने फोटो उशीखाली सारला. मग म्हणाली, "घरातसुद्धा?" मी हो म्हटलं. "किती दिवस?" मी म्हटलं, भोक बुजेपर्यंत. तिने बोटं मोजली आणि म्हणाली, "चालेल."

सोलां, मी खोटं बोलले. भोक बुजलं की तिला तू घेऊन जा. सान्तियागोत शाळा आहे, डॉक्टर आहे, तुझं नाव आहे. मी भेटायला येईन तेव्हा मावशी म्हणूनच येईन. एका शब्दासाठी मी तुला घरातून घालवलं, तोच शब्द आता माझ्या हाताने तुला देते आहे. जड जातंय, नाही कशाला म्हणू? पण ती जगली तर मला मावशीपण पुरे.

लाल बूट अजून असतील तर घेऊन ये. आता खरंच लहान होतील, पण तिला बघायचे आहेत.

इथे फाटकाशी हल्ली कागद नसलेल्या परदेशी लोकांना धरून नेणारी गाडी उभी असते. बायका शक्यतो वॉर्डातून बाहेर पडत नाहीत, आळीपाळीने एकमेकींचं खाणं-पाणी आणतात. मी तर पाण्यालासुद्धा खाली जात नाही. गुरुवारपर्यंत इथून हलायचं नाही, असं ठरवलं आहे.

मिर्लांद

वानामेंत, २० मे

सोलां,

पत्ता बघून कळलंच असेल. मी नदीच्या अलीकडे, माझ्या जुन्या देशात आहे, जिथून एकवीस वर्षांपूर्वी निघाले होते तिथे. पुलाजवळच्या बाजारात मानुष्का नावाची कपडे विकणारी आहे, तिच्या पडवीत झोपते. बाजाराच्या दिवशी ती पूल ओलांडते, तिच्याकडून हे चेपेपर्यंत पोचेल.

तू गुरुवारी आलीस का? मला काही माहीत नाही. बुधवारीच मला नेलं.

मी खाली गेले नाही. तेच वर आले. सकाळी पेज भरवत होते तेव्हा तिघं जण वॉर्डात शिरले, एक बाई आणि दोन पुरुष. खाटेखाटेशी थांबून आयांचे कागद बघत होते. सातव्या खाटेवरच्या बाईला उठवलं. आठव्या खाटेजवळ कोणी नव्हतं. मग आमच्याशी आले.

"कागद?"

"नाहीत."

"मुलीची कोण तू?"

आई म्हटलं असतं तर पांढरा कागद खोटा ठरला असता आणि सतरावं नाव गेलं असतं. मी म्हटलं, "शेजारीण. आई उद्या येणार आहे, तोवर बसलेय."

ती बाई वाकली. आवाज गोड होता तिचा. नाइकाला म्हणाली, "बाळ, ही तुझी आई आहे का? खरं सांग, कोणी रागावणार नाही."

सोलां, पोरीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तोंडातली पेज गिळली आणि म्हणाली, "नाही. ही शेजारची मावशी. माझी आई सोलांजी. सान्तियागोला कारखान्यात असते. उद्या येणार आहे." एक अक्षर इकडचं तिकडे नाही. माझ्या मनात आलं, शाबास. खरंच आलं. दुसऱ्या क्षणी मला दंडाला धरून उठवलं.

मी वाटी तिच्या हातात दिली. ती म्हणाली, "मावशी, गाडीत पाणी आहे का?" मी म्हटलं, आहे. दारातून वळून पाहिलं तर ती वाटीत बघत होती. रडली नाही. रडली असती तर कळलं असतं ना त्यांना.

गाडीत पस्तीस माणसं होती, एक बाळंतीणही. पाणी नव्हतं.

तू आली असशील. तू आलीच असशील, तू शब्दाची पक्की आहेस, मीच नव्हते. काल डॉक्टर आले असतील. यादी सुरू झाली असेल. मानुष्का म्हणते, "नऊ नंबरच्या खाटेवर तुझी नणंद बसलीय असं समज आणि जेव." मी समजते. ताट तसंच राहतं.

मिर्लांद

वानामेंत, ९ जून

सोलां,

तुझं पत्र मिळालं. मानुष्काने दोनदा विचारलं, काय लिहिलंय. मी म्हटलं, सगळे ठीक आहेत. ती माझं तोंड बघून समजायचं ते समजली.

तू लिहिलंस ते मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर कागद फाटला. तू गुरुवारी सकाळीच पोचलीस. लाल बूट नेलेस. यंत्रावर बोट ठेवलंस, हिरवा दिवा लागला. दोन्या इवेलिसने कागद पुढे सरकवला, पेन दिलं आणि वॉर्डाकडे वळून नुसतं लाडाने म्हणाली, "बघ दारियाना, आली की नाही तुझी आई?"

आणि ती म्हणाली, "ही माझी आत्या आहे. माझी आई मिर्लांद. तिला काल गाडीत घातलं. मी नाही म्हटलं म्हणून घातलं. आता मी हो म्हणते. तिला परत आणा."

तू म्हणतेस, तू तिला डोळ्यांनी दटावलंस, ती थांबली नाही. उलट मोठ्याने म्हणत राहिली, हो म्हणते, हो म्हणते, धाप लागेपर्यंत. सगळा वॉर्ड ऐकत होता. मग इवेलिसने तुझ्या हातातून पेन हळूच काढून घेतलं. तिचा राग नाही मला. तिलाही वर कोणी तरी विचारणारा असेल. सतरावं नाव दुसऱ्या मुलाला गेलं. परदेशी डॉक्टर २९ तारखेला गेले. तुझ्यावर खोट्या कागदाची चौकशी लागली, चौकशी होईपर्यंत पोर तुझ्याकडे. वस्तीतल्या डॉक्टरणीला तू विचारलंस, पुढच्या वर्षीच्या यादीपर्यंत काय, आणि तिने नुसता तुझ्या हातावर हात ठेवला. ते लिहिलंस ते बरं केलंस. मला लपवून ठेवलेलं नको होतं.

तू विचारतेस, "मी तिला आधी जवळ घेऊन बोलायला हवं होतं का? माझं चुकलं का?" तुझं काही चुकलं नाही. मी तिला सात वर्षं शिकवलं की नाही म्हटलं की आपण वाचतो. तिने एकदा नाही म्हटलं आणि आई गेली. एवढ्याशा डोक्याने तिने धडा दुरुस्त केला. चुकलं असेल तर माझं, शिकवणारीचं.

दोनदा नदी ओलांडायला गेले. एकदा कुत्र्यांनी पायाला चावून अडवलं, एकदा शिपायांनी. पाय बरा झाला की पुन्हा जाईन, पण तू वाट बघत बसू नकोस आणि तिला बसू देऊ नकोस. तिला जिना चढवत नाही म्हणतेस, तर उचलून ने. ओझं वाटत नाही तिचं, मला माहीत आहे. पेजेत दालचिनी थोडी घाल. बूट पांघरुणात घेऊन झोपू दे, पांघरूण मळलं तर मळलं. आणि रागावू नकोस तिच्यावर, एकदाही नाही, मनातसुद्धा नाही.

तिला एवढंच सांग की मी ऐकलं. वजनकाट्याच्या कितीतरी पुढे, राजधानीत, सगळ्यांच्या देखत तिने मला आई म्हटलं, ते इथे पोचलं म्हणावं.

मग ती विचारेल, आता हो म्हटलं ना मी, मग कधी आणणार? त्याला काय उत्तर द्यायचं, ते मला सुचत नाही ताई. चार दिवस याच ओळीवर थांबले आहे. तूच काही तरी सांग.

नाइकाची आई,
मिर्लांद